पोया हाये का पट?

बेव्ह्यू नावाच्या शहरात कधी दिवस उजाडत नाही. रस्ते कायम ओले, आणि त्या ओल्या डांबरावर दुकानांच्या पाट्यांचे लाल-निळे रंग सांडलेले. हे शहर नकाशात सापडायचं नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या ईए ब्लॅक बॉक्स या स्टुडिओनं ते 'नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड २' या गेमसाठी रचलं. गेम बाजारात आली नोव्हेंबर २००४ मध्ये. आमच्यापर्यंत पोचायला तिला पुढचा उन्हाळा लागला, आणि आली तीही कोणाकोणाच्या हातून कॉपी होत आलेल्या सीडीवर. त्या सीडीवर स्केचपेननं नुसतं 'गाडीवाली २' लिहिलेलं होतं.

धामणगाव रेल्वे हे आमचं तालुक्याचं गाव. मे महिन्यात तिथं दुपारी बारा ते चार कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात, लू चाललेली, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. अशा वेळी स्टेशनाकडच्या गल्लीतल्या एका नेट कॅफेत आम्ही घुसायचो. तिथं वाळ्याच्या ताट्या लावलेला घरघरणारा कूलर होता आणि पडद्यावर पाऊस पडून गेलेला रस्ता. ती गेम आम्हाला आवडली त्यात शर्यतीचा वाटा किती आणि त्या ओल्या रस्त्याचा किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. विदर्भातल्या पोराला मे महिन्यात ओला रस्ता दाखवा, तो तासाचे वीस रुपये देईल.

गोष्ट म्हणाल तर काही खास नाही. रात्रीच्या शहरात चोरून शर्यती लावायच्या, जिंकायच्या, पैसे आणि नाव कमवायचं. आधीच्या 'अंडरग्राउंड'मध्ये (२००३) शर्यती यादीतून निवडाव्या लागत. या दुसऱ्या भागात अख्खं शहर मोकळं सोडलेलं. शर्यत कुठं आहे ते आपणच गाडी घेऊन शोधायचं. निसान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन, सुबारू इम्प्रेझा. यातली एकही गाडी आमच्या तालुक्यानं पाहिलेली नव्हती. आमच्याकडे कमांडर जीप, काळी-पिवळी ट्रॅक्स, डॉक्टरांची मारुती ८०० आणि ट्रॅक्टर. ह्युंदाईची टिबुरॉन गेममध्ये दिसली तेव्हा 'ही सँट्रोवाल्याचीच का बे?' यावर बराच वाद झाला होता. शिवाय बेव्ह्यूत वाहतूक उजव्या बाजूनं चालते. त्यामुळे प्रत्येक नवा गडी पहिल्या वळणाला इमानदारीनं डावीकडे जायचा आणि समोरच्या टॅक्सीवर आदळायचा.

खेळणारा एक. मागे उभे राहून सांगणारे सहा-सात. सांगणाऱ्यांना फुकट. 'दाब बे', 'उजवीकडून घे', 'नायट्रो कायले वाचवून रायला, लग्नात देतं का?' असा कालवा. ड्रॅग शर्यतीत तर मागचेच गाडी चालवायचे. ड्रॅगमध्ये वळणं जवळजवळ नसतात. लेन बदलायची आणि गिअर टाकायचा, एवढंच काम. सुई हिरव्यात आली की गिअर. उशीर केला आणि सुई लालमध्ये तशीच धरून ठेवली की इंजिन उडतं, शर्यत खतम. समोरून येणाऱ्या ट्रकला धडकलो तरी खतम. गंमत अशी, की बाकीच्या शर्यतींत गाडी कशावरही आपटा, तिला ओरखडा येत नाही. मरण फक्त ड्रॅगमध्ये. म्हणून ड्रॅग लागली की कॅफेतला कालवा एकदम थांबायचा आणि सगळे मिळून एका सुरात ओरडायचे : 'टाक!'

माझा मावसभाऊ तेव्हा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला होता. आमच्यातला तेवढा एकच, ज्याला गेममधल्या सुट्या भागांचा अर्थ कळायचा. नायट्रो म्हणजे नायट्रस ऑक्साइड, आणि तो स्वतः जळत नाही, हे त्यानं सांगितलं. सिलिंडरमधल्या उष्णतेनं त्याचं विघटन होतं, जादा ऑक्सिजन सुटतो, मग तेवढंच जादा पेट्रोल जाळता येतं. ताकद वाढते ती त्यानं. आम्ही माना डोलावल्या आणि पुन्हा कीबोर्ड बडवायला लागलो. त्याला स्वतःला मात्र शर्यतीत फारसा रस नव्हता. त्याचे वीस रुपये गॅरेजमध्ये जायचे.

आणि या गेमचं खरं घर म्हणजे ते गॅरेजच. पुढचा बंपर, मागचा बंपर, साइड स्कर्ट, बॉनेट, स्पॉयलर, छतावरचा हवेचा झरोका, आरसे, हेडलाइट, सायलेन्सरचं तोंड. कात्रीसारखे वर उघडणारे दरवाजे. गाडीच्या पोटाखाली निऑनच्या नळ्या, त्यांचा रंग वेगळा निवडायचा, त्या लुकलुकवायच्या की नाही तेही ठरवायचं. डिकीत स्पीकर आणि अँप्लिफायर कुठं बसवायचे. गाडी थांबली तरी फिरत राहणाऱ्या स्पिनर रिमा. आणि अंगभर व्हायनलची नक्षी : ज्वाळा, पट्टे, पंजाचे ओरखडे, थरावर थर. तो एकेका पट्ट्याच्या रंगावर इतका वेळ घालवायचा, की मागचे सहा-सातजण कंटाळून उसाच्या रसवंतीवर जायचे.

पण गेम त्याच्या बाजूनं होती. गाडी कशी दिसते याचे स्टार मिळायचे, आणि ते पुरेसे झाल्याशिवाय पुढं सरकता येत नव्हतं. नुसतं जिंकून भागत नसे. स्टार वाढले की निरोप यायचा : अमुक मासिकाला मुखपृष्ठावर तुझी गाडी हवी आहे, दिलेल्या वेळात तमुक ठिकाणी पोच. पोचलं की गाडी उभी करायची, फोटो निघायचा, आणि आपली गाडी मुखपृष्ठावर झळकायची. धावण्याइतकंच सजण्याला मोल होतं. खरं तर सक्तीच होती.

पुढं मावशीच्या घरी जोडणीचा कॉम्प्युटर आला. आता खेळायला पैसे नव्हते, फक्त वीज लागायची, आणि ती लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर होती. एका संध्याकाळी मोठेबाबा, म्हणजे मावसभावाच्या वडिलांचे थोरले भाऊ, शेतातून आले आणि पोरं काय पाहतात म्हणून मागे उभे राहिले. मोठेबाबांनी तरुणपणी पटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल पाळलेले. भाऊ तेव्हा स्कायलाइनला जांभळी निऑन लावून शर्यतीच्या रेषेवर उभा होता. बॉनेटवर ज्वाळा, दारांवर ज्वाळा, मागे टेबलाएवढा स्पॉयलर. मोठेबाबांनी ते सगळं पाहून घेतलं आणि पोळ्याला 'पोया' म्हणणाऱ्या आमच्या बोलीत विचारलं,

'हा पोया हाये का पट?'

भाऊ म्हणाला, 'पट हाये, मोठेबाबा. रेस हाये.'

'मंग येवढं वझं घेऊन कायले पयवतं?'

'वझं नाही ते. दिसासाठी असते.'

मोठेबाबा आणखी थोडा वेळ पाहत राहिले. गाडी सुटली, चौकातून गेली, पुलाखालून गेली. मग ते म्हणाले, 'दिसासाठी म्हनतं, तं पाहून कोन रायलं? रस्त्यावर एक मानूस नाही.'

खरंच नव्हता. इतके दिवस आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. बेव्ह्यूत गाड्या आहेत, दिवे आहेत, दुकानं उघडी आहेत; फुटपाथवर चिटपाखरू नाही. तांत्रिक कारण उघड आहे : चालणारी माणसं दाखवायची तर प्रोसेसरवर ताण, आणि ती गाडीखाली आली तर गेमची जातच बदलते. पण मोठेबाबांना प्रोसेसरशी काय करायचं होतं? त्यांचा हिशेब सरळ होता. जनावर सजवायचं ते चार माणसांनी पाहावं म्हणून, आणि पळवायचं ते पुढं जावं म्हणून. आमच्याकडे या दोन गोष्टींचे दिवस वेगळे आहेत, जागा वेगळ्या आहेत, आणि एकाचं सामान दुसऱ्यात चालत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावस्येला, त्याच्याकडून काडीचं काम घ्यायचं नाही. शिंगं घासून रंगवायची, वर बेगड. कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, पायात तोडे, अंगावर रंगाचे ठसे. मोठेबाबांकडे एक जुनी झूल होती, लाल मांजरपाटावर आरशाची टिकली टाकलेली. तिच्या एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेलं होतं आणि मोठ्या आईनं तिथं साडीचा हिरवा काठ लावून दिलेला. दरवर्षी तो कोपरा बैलाच्या डाव्या अंगाला यायचा, कारण तोरणाखाली उभं राहिल्यावर गावची माणसं उजव्या अंगाला असायची. मासिकाचा फोटो कोणत्या कोपऱ्यातून निघणार हे मोठेबाबांनाही पक्कं ठाऊक होतं म्हणायचं! तोरणाखाली जोड्या उभ्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, चाललेल्या, मानाची जोडी पुढं. सगळे चालतात, पळत कोणी नाही. पळालाच एखादा तर त्याच्या धन्याची शोभा होते.

पट हिवाळ्यात. आमच्या तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट तर अख्ख्या विदर्भात माहीत आहे. तिथं पळणाऱ्या बैलाच्या अंगावर काही शोधू नका. झूल नाही, घुंगरू नाही. छकडा म्हणजे दोन चाकं, एक दांडी आणि धुरकऱ्याला, म्हणजे हाकणाऱ्याला, पाय टेकायपुरती जागा. लाकूड जितकं तासता येईल तितकं तासलेलं. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. त्या काही सेकंदांसाठी वर्षभर सरकी, उडीद, दूध, अंडी. गेममध्येही गाडीचं वजन कमी करण्याचा एक भाग विकत मिळतो. तो बसवून वर निऑनच्या नळ्या, स्पीकर आणि अँप्लिफायर भरणं हा मोठेबाबांच्या लेखी शुद्ध मूर्खपणा होता.

मला तसं वाटत नाही. गेमवाल्यांनी पोळा आणि पट एका रात्रीत बसवले, आणि त्यात त्यांची चूक झाली नाही. त्या काळातल्या अमेरिकेत आणि जपानमध्ये गाड्या सजवणारी आणि रात्री पळवणारी पोरं एकच होती. घर बापाचं, पगार तुटपुंजा, गाडी सेकंडहँड होंडा. तिला वेगळं दिसवणं आणि पुढं काढणं ही त्यांच्यासाठी एकच गोष्ट. फक्त रस्त्यावरची माणसं गेममध्ये घालायची राहिली. ती कमतरता आम्ही भरून काढली. धामणगावच्या त्या कॅफेत खुर्चीमागं जी झुंबड उभी असायची ती बेव्ह्यूची पब्लिक होती. एकटं घरी बसून तीच स्कायलाइन तितकी देखणी वाटायची नाही, हे भाऊ स्वतःच बोलून दाखवायचा. घरचा कॉम्प्युटर असूनही तो दर आठवड्याला सेव्ह केलेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कॅफेत जायचा, गाडी दाखवायला.

नोव्हेंबर २००५ मध्ये याच स्टुडिओची 'मोस्ट वाँटेड' आली. जगानं ती डोक्यावर घेतली, आम्हीही घेतली. भर दिवसाचं शहर, मागे पोलिसांच्या गाड्यांचा ताफा, पंधरा जणांची काळी यादी, आणि पहिल्याच तासात हातची जाणारी ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम-३ जीटीआर. खेळ म्हणून ती सरस आहे याबद्दल मला शंका नाही. पण भावाला ती पटली नाही. निऑन गेलं होतं. स्पिनर गेले, डिकीतले स्पीकर गेले. आणि रंग बदलण्याचं कारणच उलटं झालं होतं : पोलिसांनी गाडी ओळखू नये, तिच्यावरचा संशय थंड व्हावा म्हणून रंग बदलायचा, बंपर बदलायचा. वर्षभरापूर्वी जी सजावट चारचौघांत उठून दिसण्यासाठी होती, ती आता लपण्यासाठी. 'असं कुठं असते का बे,' म्हणून त्यानं सीडी परत दिली.

आज त्याचं तालुक्यात रेडियमचं दुकान आहे. आयटीआयचा दाखला भिंतीवर आहे, फ्रेम करून, गणपतीच्या शेजारी. कॉम्प्युटरवर अक्षर काढून मशिननं कापायची सोय आता त्याच्याकडेही आहे, पण ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं काम तो अजून हातानं करतो, कारण बॉनेटला गोलाई असते आणि मशिनला ती दिसत नाही. आधी कागदावर पेन्सिलीनं अक्षर. कागद रेडियमवर चिकटवायचा. मग ब्लेड : नवीन, अर्धं मोडलेलं, मागच्या बाजूला चिंधी गुंडाळलेलं. हात स्थिर, फिरतो तो कागद. 'श्री'चा वेलांटीचा बाक एका दमात कापला गेला पाहिजे; मध्ये ब्लेड उचललं की तिथं दात दिसतो. पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारायचं, वर रेडियम ठेवायचं आणि जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेकडे पाणी काढत जायचं. बुडबुडा राहिला तर सुईचं टोक. पाणी असेपर्यंत अक्षर सरकवता येतं, वाळलं की संपलं. मी पाहिलंय, तो सरकवताना मान तिरकी करतो आणि जीभ दातांत धरतो; गेममध्ये पट्टा बसवताना अगदी हेच करायचा.

गिऱ्हाईक विविध. ट्रॅक्टरवर आईबापाचं नाव, ऑटोवर पोरांची नावं, ट्रॉलीच्या फाळक्यावर वाघ. नुकताच मिसरूड फुटलेला पोरगा येतो, त्याला मोटारसायकलच्या टाकीवर ज्वाळा पाहिजे असतात आणि शिवाय फटाके फोडणारा सायलेन्सर कुठं मिळेल ही चौकशी. ज्वाळा मिळतात, सायलेन्सरची चौकशी भाऊ उडवून लावतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याला तोंडपाठ आहे : कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. मोठ्या शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवतात. बेव्ह्यूत ज्या ज्या गोष्टीला स्टार मिळायचा, त्यातल्या अर्ध्या गोष्टींना इथं चलान आहे. मला कायदा चुकीचा वाटत नाही; रात्री दोन वाजता गावातून फटफट करत जाणारी बुलेट ज्यानं ऐकली त्याला तो चुकीचा वाटणारही नाही. पण टाकीवरच्या ज्वाळांत आणि त्या फटफटीत जो फरक आहे, तो पोराला समजावून सांगण्याचं काम शेवटी रेडियमवाल्याच्या गळ्यात येतं.

आणि शर्यतीलायक रस्ता? तो आला, आमच्याच तालुक्यातून. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला; २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता खुला झाला. सहा पदरी, सुरीनं कापावा तसा सरळ, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. पण दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला त्यावर मज्जाव. म्हणजे या भागात सजवलेली जी जी वाहनं आहेत, ती सगळी कुंपणाच्या अलीकडे. पलीकडून जातात त्या नागपूर-मुंबईच्या पांढऱ्या गाड्या. पांढरी, पांढरी, करडी, पांढरी. एकीवर साधा पट्टा नाही. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिलं की डोळ्यांत भरतं ते काहीच नाही, आणि त्यांनाही आपण दिसत नाही.

पटावर मध्ये बंदी होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. आता काठी नाही, बैलाला टोचायची तुतारी नाही, चाबूक नाही. जुने लोक यावर कुरकुरतात. बैलाला विचारलं असतं तर तो कुरकुरला नसता. असो. पट परत सुरू झाला तसं भावाच्या दुकानात एक नवं गिऱ्हाईक आलं : जोडीचे मालक.

गेल्या हिवाळ्यात मी दुकानात बसलो असताना असाच एकजण छकडा घेऊन आला. तिशीचा, गळ्यात साखळी, मोबाइलवर डिझाइन काढून आणलेलं. दोन्ही बैलांची नावं छकड्याच्या दांडीवर पाहिजेत, लाल रेडियममध्ये, पिवळ्या किनारीची. भावानं माप घेतलं, कापायला घेतलं. पहिलं नाव दांडीवर बसलं, तेवढ्यात सोबत आलेला म्हातारा धुरकरी चहा संपवून आत आला.

'काढ ते,' तो म्हणाला.

भाऊ हसला. 'बुवा, याचं वजन गुंजभर नाही.'

'वजनाचं कोन बोलून रायलं? उन्हात चमकते ते. बाजूची जोडी बिचकली तं भांडन होते. काढ.'

मालकाचं तोंड पडलं. त्यानं एकदा धुरकऱ्याकडे पाहिलं, एकदा कापलेल्या रेडियमकडे. मग बाहेर उभ्या असलेल्या बोलेरो पिकअपकडे, जिच्यात बैल पटावर नेतात. पिकअपच्या मागच्या फाळक्यावर दोन्ही नावं बसली, मध्ये धावणारी जोडी, खाली ज्वाळा. अक्षरं मोठी झाली म्हणून भावानं पैसे वाढवून सांगितले, आणि मालक म्हणायला लागला की एक नाव तर आधीच कापलेलं होतं, त्याचे कमी कर.